पोरं आज प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतात, पण या गड्याने १९८५ सालीच अख्खा कम्प्युटर द्रवात बुडवला होता

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की रस्त्यात चितेगाव लागतं. व्हिडिओकॉनच्या टीव्ही कारखान्यामुळे महाराष्ट्रभर माहीत झालेलं गाव. आता अशी कल्पना करा की मे महिन्याची दुपार आहे, बाहेर पारा ४२ वर गेलाय आणि चितेगावातल्या एखाद्या खोलीत कोणीतरी पोरगं आपल्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये शिरून प्रोसेसरचा वेग ४.५ वरून ५ गिगाहर्ट्झवर न्यायला बसलंय.

यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर किंवा रॅम पळवायची. करायला सोपं वाटतं. मदरबोर्डकडून १०० मेगाहर्ट्झचा ठोका येतो, प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. ४५ ने गुणलं की ४.५ गिगाहर्ट्झ, ५० ने गुणलं की ५. आकडा बदलायचा, सेव्ह करायचं, झालं.

पण एवढ्यावर भागत नाही. वेग वाढवला की प्रोसेसर अडखळतो, मग त्याला व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं. आणि खरी मेख इथे आहे. चिपमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या पटीत. समजा व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं आणि वेग ४.५ वरून ५ वर नेला. हिशोब मांडला तर वेग वाढला ११ टक्के, उष्णता वाढली ४० टक्के. ही उष्णता पंख्याने बाहेर टाकायची, तर पंख्याला मिळणारी हवाच ४२ अंशांची. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना जो प्रोसेसर ७० वर चालत होता, तोच मे महिन्यात ९० च्या पुढे जातो. १०० च्या आसपास पोचला की बहुतेक प्रोसेसर जीव वाचवायला आपणहून वेग कमी करतात. म्हणजे सगळा खटाटोप करून गाडी परत मूळ जागी.

वेग वाढवायला गेलं की आधी उष्णतेशी भांडावं लागतं, मग मेमरीशी, आणि शेवटी चुकांशी. हे भांडण ज्याने आयुष्यभर केलं, त्याचं नाव सेमूर क्रे. सुपरकम्प्युटर म्हटलं की एकेकाळी जगात त्याचंच नाव घेतलं जायचं. आजच्या अर्थाने त्याने ओव्हरक्लॉकिंग केलं नाही. दुसऱ्याची चिप घेऊन तिचा आकडा वाढवणं हे त्याचं काम नव्हतं, तो मुळापासून नवं यंत्रच बांधायचा. पण आज गेमिंग पीसीवाल्यांना ज्या ज्या अडचणी येतात, त्यातली जवळपास प्रत्येक त्याच्या टेबलावर आधी येऊन गेली होती. आणि आपल्या पुण्यात सुपरकम्प्युटर तयार झाला, त्याच्या मागेही क्रेच्याच एका यंत्राची गोष्ट आहे.

सेमूर क्रेचा जन्म २८ सप्टेंबर १९२५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स नावाच्या छोट्या गावातला. वडील सिव्हिल इंजिनिअर. पोराला लहानपणापासून वायरी आणि रेडिओचा नाद. दहाएक वर्षांचा असताना खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या जोडून त्याने एक यंत्र केलं. भोकं पाडलेली कागदी पट्टी त्यात घातली की तिचे मोर्स कोडचे संदेश व्हायचे. घराचं तळघर आईवडिलांनी त्याला प्रयोगांसाठी देऊन टाकलं होतं.

१९४३ मध्ये शाळा संपली आणि थेट युद्धावर बोलावणं आलं. सैन्यात तो रेडिओ ऑपरेटर होता. आधी युरोपात, मग फिलिपिन्समध्ये. तिथे जपानी संदेशांची सांकेतिक भाषा फोडण्याच्या कामात त्याने हातभार लावला. परत येऊन मिनेसोटा विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि १९५१ मध्ये गणितात मास्टर्स. त्याच सुमारास तो सेंट पॉल शहरातल्या इंजिनिअरिंग रिसर्च असोसिएट्स या कंपनीत लागला. ही कंपनी अमेरिकन नौदलासाठी संकेत फोडणारी यंत्रं बनवायची. कम्प्युटर कशाला म्हणतात हे जगातल्या मोजक्याच लोकांना ठाऊक असण्याचा तो काळ. त्यातले बरेच जण याच कंपनीत होते.

पुढे कंपनी विकली गेली, परत विकली गेली, मोठ्या साहेबांच्या मीटिंगा वाढल्या. त्याला कंटाळून काही जण बाहेर पडले आणि १९५७ मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, म्हणजे सीडीसी, सुरू झाली. प्रमुख विल्यम नॉरिस. थोड्याच दिवसांत क्रेही तिकडे गेला.

नव्या कंपनीकडे पैसा नव्हता. क्रेने स्वस्तातले ट्रान्झिस्टर उचलले. एकासारखा एक नसायचा, कोणी जलद तर कोणी सुस्त. मग त्याने सर्किटच असं बेतलं की ट्रान्झिस्टरमधला हा फरक चालून जावा. १९६० मध्ये त्यातून सीडीसी १६०४ हा कम्प्युटर बाजारात आला. व्हॅक्यूम ट्यूब सोडून ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या आणि बाजारात खरोखर खपलेल्या पहिल्या काही कम्प्युटरांपैकी हा एक. चिपमधला हा फरक आजही संपलेला नाही. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर घेतले तर एक ५ गिगाहर्ट्झ सहज गाठतो आणि दुसरा ४.८ ला मान टाकतो. ओव्हरक्लॉकिंगवाले याला सिलिकॉनची लॉटरी म्हणतात.

याच काळात त्याने सीडीसी १६० नावाचा टेबलाएवढा छोटा कम्प्युटर बेतला. त्याचा आराखडा तीन दिवसांच्या सुट्टीत बसून केला असं सांगतात.

या दोन यंत्रांचे पुढचे वारस मुंबईत आले. १९६४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, सीडीसी ३६००-१६०ए ही जोडी बसवली गेली. ३६०० हा १६०४ च्या पुढच्या पिढीतला, तर १६०ए हा त्या छोट्या १६० चा सुधारलेला अवतार. देशभरातल्या संशोधकांची गणितं या यंत्रावर होऊ लागली. क्रेचं नावही न ऐकलेले कितीतरी भारतीय प्रोग्रामिंग शिकले ते त्याच्या घराण्यातल्या यंत्रावर.

इकडे क्रेला मात्र कंपनीचं ऑफिस सोसवत नव्हतं. १९६२ मध्ये त्याने नॉरिसला पटवलं आणि आपल्या मूळ गावी, चिपेवा फॉल्सला, स्वतःच्या जमिनीवर प्रयोगशाळा बांधून घेतली. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे ना मीटिंगा, ना सतत वाजणारे फोन. रात्री उशिरापर्यंत काम करायचं ही त्याची सवय. कागद, पेन्सिल आणि तर्काची समीकरणं एवढंच त्याचं हत्यार.

या जागेतून जे यंत्र बाहेर पडलं त्याने आयबीएमला हादरवलं. सीडीसी ६६००, साल १९६४. त्याआधी सगळ्यात वेगवान मानल्या जाणाऱ्या आयबीएमच्या स्ट्रेच या कम्प्युटरपेक्षा हा सुमारे तिप्पट जलद. तो अवघ्या ३४ जणांनी तयार केला, आणि त्या ३४ मध्ये झाडलोट करणारा माणूसही धरलेला, हे कळल्यावर आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना खरमरीत मेमो पाठवला होता. आपल्याकडे एवढी फौज असताना आपण मागे कसे, असा त्याचा रोख.

६६०० चा क्लॉक होता १० मेगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला एक कोटी ठोके. आज ५ गिगाहर्ट्झच्या जमान्यात हे ऐकून हसू येईल, पण तेव्हा हा आकडा भलताच होता. आणि तो गाठायला क्रेने तेच केलं जे पुढे आयुष्यभर केलं, सगळे भाग एकमेकांच्या जितके जवळ आणता येतील तितके आणले. कारण साधं आहे. वीज तारेतून कितीही जोरात पळाली तरी प्रकाशाच्या वेगापुढे जात नाही. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, प्रकाश जेमतेम ३० सेंटीमीटर जातो. तारेत त्याहून कमी. यंत्र पसरट असेल तर सिग्नल या टोकाकडून त्या टोकाला पोचायच्या आतच पुढचा ठोका पडतो.

पण भाग जवळ आणले की उष्णताही एका जागी गोळा होते. लाखो ट्रान्झिस्टर दाटीवाटीने बसवलेले, त्यांच्यामधून हवा फिरायलाही जागा नाही. पंख्याचा उपयोगच नव्हता. मग डीन राऊश या क्रेच्या इंजिनिअरने ६६०० मध्ये चक्क फ्रीजचं तंत्र आणलं. कपाटाच्या आत फ्रिऑन वायूच्या नळ्या फिरवल्या आणि सर्किटची उष्णता त्या नळ्यांवाटे बाहेर काढली. क्रेच्या यंत्रांमध्ये यापुढे कूलिंगवाल्या माणसाचं महत्त्व सर्किटवाल्याएवढंच राहिलं. आज पीसी बांधताना सगळा पैसा प्रोसेसरवर घालून कूलर मात्र बॉक्समध्ये आलेलाच ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

दुसरी अडचण मेमरीची. ६६०० चा प्रोसेसर १०० नॅनोसेकंदांत एक ठोका घ्यायचा, पण त्याच्या मेमरीला एकदा वाचून पुन्हा तयार व्हायला १००० नॅनोसेकंद लागायचे. म्हणजे दहा ठोके. प्रोसेसर एवढा पळवून उपयोग काय, दहातले नऊ ठोके तो रिकामा बसणार. क्रेने मेमरीचे ३२ वेगवेगळे गट केले. एका गटाकडे मागितलं की त्याची वाट न बघता लगेच पुढच्या गटाकडे मागायचं, मग त्याच्या पुढच्या. पंगतीत एकच वाढपी असेल तर शेवटचा माणूस उपाशी राहतो, ३२ वाढपी असतील तर ताट रिकामं राहत नाही.

तुमच्या पीसीत रॅमची एकच कांडी लावण्यापेक्षा दोन कांड्या लावा असं दुकानदार सांगतो, त्यामागे याच जातीचा विचार आहे. आणि रॅम ओव्हरक्लॉक करण्याचं कारणही हेच. मेमरीकडून माहिती येऊन पोचायला पीसीत साधारण ६० ते ८० नॅनोसेकंद जातात. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ८० नॅनोसेकंदांत ३२० ठोके घेतो, ५ गिगाहर्ट्झचा ४००. म्हणजे फक्त प्रोसेसरचा वेग वाढवला तर वाट बघण्यात वाया जाणारे ठोकेच वाढले. रॅमवर लिहिलेल्या ३२०० किंवा ३६०० या आकड्याइतकाच तिच्या लेटन्सीचा आकडाही बघावा लागतो. १६ लेटन्सीची ३२०० ची रॅम आणि १८ लेटन्सीची ३६०० ची रॅम, दोघी आपल्या बाजूने पहिला प्रतिसाद द्यायला सारखाच वेळ घेतात, १० नॅनोसेकंद. मोठा आकडा बघून जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांची इथेच फसगत होते. ३६०० वाली माहिती जास्त वाहून आणते हे खरं, पण पहिला घास तोंडात पडायला वेळ तेवढाच.

तिसरी अडचण चुकांची, आणि इथे क्रेने जुगार खेळला. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर तो पकडायला पॅरिटी नावाची तपासणी असते. ६६०० च्या मेमरीत क्रेने ती ठेवलीच नाही. जादा सर्किट म्हणजे जादा वेळ, आणि वेळ द्यायला तो तयार नव्हता. हा हट्ट पुढे त्याला सोडावा लागला. तिथे येऊच.

१९६९ ची सीडीसी ७६०० सुमारे ३६ मेगाहर्ट्झवर चालायची. वेगाला तोड नव्हती, पण यंत्र नाजूक. दिवसातून एकदा तरी बंद पडायचं अशी तक्रार होती. त्यानंतरच्या ८६०० ने मात्र क्रेला पुरतं दमवलं. चार प्रोसेसर, अजून दाट बांधणी, अजून उष्णता. हजारो जोडांपैकी एक जरी निसटला तरी सगळं ठप्प. क्रेला वाटलं की हे सगळं मोडीत काढून नव्याने सुरुवात करावी. कंपनीकडे त्याच वेळी दुसरा मोठा प्रकल्प चालू होता आणि दोन्हींना पुरेल एवढा पैसा नव्हता. १९७२ मध्ये क्रे बाहेर पडला आणि त्याने स्वतःची क्रे रिसर्च ही कंपनी काढली. गंमत म्हणजे तिच्यात थोडे पैसे सीडीसीनेही घातले. भांडण न करता वेगळं होणं म्हणतात ते हेच.

नव्या कंपनीचं पहिलं यंत्र क्रे-१, साल १९७६. ८६०० मध्ये पोळल्यामुळे या वेळी क्रेने हात आखडता घेतला. एकच प्रोसेसर, आणि सगळ्या यंत्रात मोजून चार प्रकारच्या चिप. यंत्राचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा, आणि तो शोभेसाठी नव्हता. गोलाकाराच्या आतल्या बाजूने तारा ओढल्या की त्या आखूड राहतात. कोणतीच तार चार फुटांपेक्षा लांब नव्हती. खाली भोवताली गादीचं बाकडं होतं, ज्याच्या पोटात वीजपुरवठ्याची यंत्रणा दडवलेली. सर्किटच्या जोडीला तांब्याचे पत्रे, त्यांची उष्णता खांबांमधल्या नळ्यांतून फिरणाऱ्या फ्रिऑनकडे. यंत्र खायचं ११५ किलोवॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे ५७ गिझर एकदम चालू ठेवल्यासारखं. क्लॉक ८० मेगाहर्ट्झ, मेमरी ८ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एकच चांगला फोटो एवढी जागा खातो. पण त्या वेळी सेकंदाला १६ कोटी आकडेमोडी करू शकणारं असं दुसरं यंत्र जगात नव्हतं.

पहिलं क्रे-१ सहा महिन्यांच्या चाचणीसाठी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गेलं. जागा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच. या यंत्राच्या मेमरीत चूक ओळखता येत होती, दुरुस्त होत नव्हती. सहा महिन्यांत १५२ वेळा मेमरीतला बिट चुकल्याची नोंद झाली. अनेक वर्षांनी अभ्यासकांनी ही नोंद तपासली तेव्हा बोट गेलं ते अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या कणांकडे. उंचावर हे कण जास्त असतात.

अणुबॉम्बची किंवा हवामानाची गणितं करणाऱ्या यंत्रात असं चालणं शक्यच नव्हतं. पुढे जी यंत्रं विकली गेली त्यांत दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट घालून एक बिटाची चूक आपोआप दुरुस्त करायची सोय केली गेली. वेगासाठी तपासणी टाळणाऱ्या क्रेला इथे माघार घ्यावी लागली. आणि ती बरोबरच होती.

घरच्या पीसीवर रॅम ओव्हरक्लॉक करणारे हीच चूक पुन्हा करतात. विंडोज चालू झालं, गेम सुरू झाला, म्हणजे जमलं असं समजतात. पण रॅमची चूक दर वेळी निळा स्क्रीन दाखवत नाही. ती गुपचूप एखादी फाइल खराब करते आणि महिन्याभराने लग्नाचे फोटो उघडत नाहीत. म्हणून आकडा बदलल्यावर मेमटेस्टसारखी चाचणी रात्रभर चालवायची असते. तीही त्या खोलीतल्या सगळ्यात गरम दिवसात. जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात टिकेल याची खात्री नाही.

क्रे-१ ने कंपनीला भरभराट आणली, ऐंशीच्या वर यंत्रं विकली गेली. क्रेला मात्र कंपनी चालवण्यात रस नव्हता. १९८० मध्ये त्याने प्रमुखपद सोडलं आणि फक्त पुढच्या यंत्रावर काम करायचं ठरवलं. कामात अडलं की तो घराखाली बोगदा खणायला जायचा. हातात फावडं घेऊन, खरोखरचा बोगदा. खणता खणता उत्तर सुचतं असं तो म्हणायचा.

१९८५ मध्ये क्रे-२ आला. क्लॉक सुमारे २४४ मेगाहर्ट्झ, चार मुख्य प्रोसेसर. उंची माणसाच्या छातीएवढी, आणि आत इतकी दाटी की नळ्या फिरवायलाही जागा उरली नाही. मग क्रेने नळ्याच काढून टाकल्या आणि सगळी सर्किटं द्रवात बुडवली. थ्रीएम कंपनीचा फ्लुओरिनर्ट नावाचा हा द्रव दिसायला पाण्यासारखा, पण त्यातून वीज वाहत नाही. पंपाने तो चिपवरून फिरवायचा, गरम झालेला बाहेर नेऊन थंड पाण्याने निववायचा आणि परत आत सोडायचा. पारदर्शक भिंतीतून बुडबुडे दिसायचे. आज ज्याला इमर्शन कूलिंग म्हणून मिरवलं जातं आणि लोक घरी काचेच्या टाकीत मिनरल ऑइल ओतून जे करून बघतात, ते क्रेने तेव्हाच विकायला ठेवलं होतं.

पण उष्णतेवर मात केलेला हा क्रे-२ अडकला मेमरीत. त्यात दोन गिगाबाइट मेमरी होती, त्या काळी अवाढव्य. मात्र ती संथ होती. मागितलेला आकडा यायला वेळ लागायचा आणि तोवर २४४ मेगाहर्ट्झचे ठोके वाया जायचे. त्याच कंपनीत स्टीव्ह चेन यांच्या टीमने १९८२ मध्ये एक्स-एमपी नावाचं यंत्र केलं होतं. त्याचा क्लॉक क्रे-२ च्या निम्म्याहूनही कमी, पण मेमरी चटपटीत. कित्येक कामांत एक्स-एमपीच पुढे निघायचं. क्लॉकचा मोठा आकडा हरला आणि मेमरी जिंकली. योगायोग असा की आजच्या बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवायचं जे बटण असतं, त्याचं नावही एक्सएमपीच आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही.

हेच एक्स-एमपी भारताला हवं होतं. १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी अमेरिकेला गेले, तेव्हापासून बोलणी सुरू झाली. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी भारताने दोन प्रोसेसरचं मॉडेल मागितलं. अमेरिकेला भीती अशी की हवामानाच्या नावाखाली हे लोक क्षेपणास्त्रं आणि अणुबॉम्बची गणितं करतील. बरीच ताणाताण होऊन शेवटी एका प्रोसेसरचं छोटं मॉडेल मिळालं, तेही दिल्लीत, फक्त मान्सूनच्या अंदाजासाठी आणि कडक अटींवर. बंगळूरूच्या यंत्राला नकार.

त्या नकारातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात. प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर. हाताशी मुदत तीन वर्षांची. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवायचा तर त्यासाठी लागणाऱ्या चिप, कूलिंग, कारखाने, यातलं आपल्याकडे काहीच नव्हतं. मग भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा रस्ता धरला. बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे साधे प्रोसेसर घ्यायचे आणि काम वाटून एकाच वेळी सगळ्यांकडून करून घ्यायचं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ६४ प्रोसेसर मिळून सेकंदाला सुमारे १०० कोटी आकडेमोडी. पुढे हे यंत्र रशियालाही गेलं.

क्रेचा मात्र या रस्त्यावर विश्वास नव्हता. ढीगभर छोट्या प्रोसेसरांपेक्षा थोडे पण तगडे प्रोसेसर बरे, हे त्याचं आयुष्यभराचं मत. तो अजून वेगाच्याच मागे होता. क्रे-३ साठी त्याने सिलिकॉन सोडून गॅलियम आर्सेनाइड हा पदार्थ घेतला. त्यावर ठोका अधिक जलद घेता येतो, पण चिप बनवणं महाकठीण. क्रे रिसर्चला हा खर्च झेपेना, म्हणून १९८९ मध्ये क्रे कम्प्युटर कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी कोलोरॅडोत निघाली. उद्दिष्ट ५०० मेगाहर्ट्झचं. यंत्र लांबत गेलं. १९९१ मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाने, लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेने, ऑर्डर रद्द केली. शीतयुद्ध संपलं होतं, असल्या यंत्रांवर पैसा ओतणारे खातेदारच कमी झाले. १९९३ मध्ये एक क्रे-३ कोलोरॅडोतल्याच हवामान संशोधन केंद्रात वापरायला ठेवला गेला, विकला असा एकही गेला नाही. क्रे-४ वर काम सुरू होतं, एक गिगाहर्ट्झचं. मार्च १९९५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

क्रे-३ फसण्यात क्रेचा हट्ट होताच, हे नाकारण्यात अर्थ नाही. जग स्वस्त प्रोसेसरांच्या झुंडीकडे निघालेलं त्याला दिसत होतं. पण ६६०० बनवणारा हट्टही हाच होता, आणि तो बाजूला काढून फक्त यश ठेवता येत नाही.

सत्तरीतला हा माणूस पुन्हा उभा राहिला. १९९६ मध्ये त्याने एसआरसी कम्प्युटर्स ही नवी कंपनी काढली. या वेळी त्याने चक्क अनेक प्रोसेसर एकत्र जोडण्याचा रस्ता धरला, ज्याला आयुष्यभर नाक मुरडलं तोच. २२ सप्टेंबर १९९६ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये हायवेवर त्याच्या जीपला अपघात झाला आणि गाडी उलटली. डोक्याला जबर मार लागला. दोन आठवडे झुंज देऊन ५ ऑक्टोबरला त्याने प्राण सोडला. वय ७१.

क्रे-४ मध्ये त्याला जो एक गिगाहर्ट्झचा ठोका हवा होता, तो मार्च २००० मध्ये दुकानात विकत मिळू लागला. एएमडीचा अ‍ॅथलॉन, सिलिकॉनचा, आणि थंड ठेवायला वर एक हीटसिंक आणि छोटा पंखा.